बर्फाच्या बाटल्या

गोमाजींचं शेत, पोलादपूर
३० जानेवारी २०२५

डॉक्टर साहेबांस,
निशिगंधाचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखाल. पाचाडच्या खालच्या शेतात आमचा मेंढपाळांचा वाडा उतरला होता, तेव्हा तुम्ही लस टोचायला आला होतात. मी हैबती यांची धाकटी सून. मेंढरांचे पाय धरायला होते ती. माझी बारावी झाली आहे म्हणून वाड्यातलं लिहायचं काम माझ्याकडे असतं.

वहिनी गेल्याचं आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तुमचा फोन गाडीच्या डिकीत वाजत होता आणि तुमच्या हातात सुई होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तो फोन कशाचा होता ते कळल्यावर आमच्यात कोणी जेवलं नाही. मामंजी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतात, "बायकू मरणाच्या दारात, आन् ह्यो माणूस आपल्या मेंढरात. आसा डाक्टर बघितला न्हाय." आमचे मामंजी लसीच्या विरुद्ध होते. मी महिनाभर भांडून त्यांना तयार केलं होतं. आता तेच दुसऱ्या वाड्यांना लस घ्या म्हणून सांगतात. हे सगळं वहिनींच्या पुण्याने झालं असं मी समजते.

सोबत एक घोंगडी पाठवते. सासूबाईंच्या हातची आहे. नाही म्हणू नका.

फोन करत नाही, कारण वाड्यात एकच फोन आहे आणि मामंजी तो स्पीकरवर ठेवूनच बोलतात. खतासाठी ज्यांच्या शेतात आमची मेंढरं बसतात त्या गोमाजींच्या दुकानाच्या पत्त्यावर पत्र पाठवलंत तर मला मिळेल.

आपली,
निशिगंधा


महाड
६ फेब्रुवारी २०२५

सौ. निशिगंधा यांस,
सप्रेम जयभीम.

पत्र आणि घोंगडी पोचली. आभारी आहे. जलदानाचा विधी २६ तारखेला झाला. मुलगी साक्षी आली होती, ती आता पनवेलला परत गेली. मी मार्च अखेरपर्यंत रजा घेतली आहे. माझ्या जागी शेजारच्या दवाखान्याचे डॉक्टर बघतात.

मामंजींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी माझ्याबद्दल सगळीकडे असं बोलू नये, अशी माझी विनंती आहे. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

घोंगडी मी वापरलेली नाही. घडी करून ठेवली आहे.

सुहास


गोमाजींचं शेत, पोलादपूर
३ मार्च २०२५

डॉक्टर साहेबांस,
नमस्कार.

हे लिहायला लाज वाटते, पण दुसरं कोणाला विचारू ते कळत नाही.

आमच्या मेंढरांत आजार शिरला आहे. आधी नाकाडोळ्यांतून पाणी, मग तोंडात फोड, मग हगवण. चार दिवसांत मेंढरू पडतं. आजपर्यंत एकवीस गेली. त्यात कोकरंच जास्त. तुमच्या जागचे डॉक्टर येऊन नाकातलं पाणी कापसावर घेऊन गेले. ते म्हणाले, ही बुळकांडी दिसते, पण तुमची लस तर झाली आहे, मग कसं? मामंजींनी ते ऐकलं.

तुम्हाला मामंजी काही बोलत नाहीत. तुमचं नाव ते देवासारखं घेतात. मग दोष कोणाचा, तर माझा. तुम्ही आलात त्या दिवशी मी बाहेरची होते. दुसराच दिवस होता. आमच्यात अशा बाईने वाघरीत, मेंढरं कोंडायच्या जाळीत, पाऊल टाकायचं नसतं. पण तुम्ही दहाला येणार होतात ते साडेतीनला आलात, तोवर माणसं पांगली होती. मेंढरं सकाळपासून जाळीत उपाशी कोंडलेली. धरायला हात कमी पडत होते. मी कोणाला न सांगता आत गेले. हे नंतर जाऊबाईंना कळलं आणि आता सगळ्यांना कळलं आहे. वाघरीत विटाळ शिरला म्हणून लस बाटली, असं मामंजी म्हणतात.

मी शिकलेली आहे. असं काही नसतं हे मला माहीत आहे. पण रोज एक मेंढरू ओढून नेताना पाहिलं की माहीत असलेलं डळमळतं. तुम्ही मामंजींना चार ओळी लिहा. जमलं तर याच. तुमचं ते ऐकतील.

निशिगंधा


महाड
७ मार्च २०२५

सौ. निशिगंधा यांस,
सप्रेम जयभीम.

सध्या येणं जमणार नाही. पुढे लिहितो ते मामंजींना वाचून दाखवा.

आजारी मेंढरं वेगळी काढा, मोकळ्या हवेत पण लांब. त्यांचं पाणी, चारा, बादली वेगळी. आजारी मेंढरांकडे जाणारं माणूस एकच ठेवा. हातपाय धुतल्याशिवाय, कपडे बदलल्याशिवाय कोणी चांगल्या मेंढरांत जाऊ नये. मेलेलं मेंढरू नदीकडे टाकू नका. खोल खड्डा, वर चुना. आजारी मेंढरू कोणाला विकू नका, देऊ नका. दुसऱ्या वाड्याच्या पाणवठ्यावर जाऊ नका. शेवटचं मेंढरू बरं होऊन महिना होईपर्यंत घाट चढू नका. जी अजून धडधाकट आहेत त्यांच्याबद्दल माझ्या जागचे डॉक्टर सांगतील तसं करा.

राहिली लस. कधी कधी लस लागत नाही. त्याला पुष्कळ कारणं असतात. बाई वाघरीत गेल्याने लस खराब होत नाही, एवढं मी खात्रीने सांगतो.

सुहास


गोमाजींचं शेत, पोलादपूर
१५ मार्च २०२५

डॉक्टर साहेबांस,
नमस्कार.

तुमचं पत्र मी सगळ्यांसमोर वाचलं. आजारी मेंढरं वेगळी काढली, खड्डे घेतले. त्याचा गुण दिसतो आहे. या आठवड्यात सहाच गेली.

पण लसीचं वाचल्यावर मामंजींनी मला थांबवलं. म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. "कधी कधी लस लागत नाही." तेव्हा ते म्हणाले, "बघा, डाक्टर सुदिक म्हनतोय लागली न्हाय. का लागली न्हाय ते त्यो माणूस भिडंपोटी लिवत न्हाय. परक्या बाईचं कसं लिवंल?"

म्हणजे तुमच्या पत्राने माझ्यावरच शिक्का बसला. तुमचा हेतू तसा नव्हता, मला माहीत आहे.

आता मी वाड्याच्या बाहेर, घोडी बांधतात तिथे राहते. कोकरांना हात लावायचा नाही, दूध काढायचं नाही. गावी जाऊन बिरोबाला गाऱ्हाणं घालेपर्यंत असंच. त्यानंतर मला माहेरी पाठवायचं की नाही ते ठरेल. आमचे हे, चंदू, वडिलांपुढे बोलत नाहीत. भाकरी आणून देतात आणि खाली बघत परत जातात. गोमाजींच्या दुकानात गेले की गोमाजी चिडवतात, "काय गो, घोड्यांची मालकीण झालीस? पाटलीणच हायस मग." ते माझ्या तोंडावर हसू यावं म्हणून बोलतात, पण मला दुकानात जायला नको वाटतं.

एक विचारायचं होतं. नदीपलीकडे सदूभाऊंचा वाडा आहे. त्याच दिवशी, त्याच पेटीतून तुम्ही त्यांच्याही मेंढरांना टोचलं होतं. त्यांच्याकडे अजून काही नाही. सदूभाऊ म्हणतात, आमच्यात कोणी विटाळ केला नाही, आमची लस पक्की आहे. ते पाडव्याआधी वरंध घाट चढणार आहेत. वर भोरकडे आठ-दहा वाडे एकाच पाण्यावर येतात आणि त्यातल्या बहुतेकांनी लस घेतलेली नाही. सदूभाऊंना जाऊ द्यावं ना? मामंजींनी तुम्हाला विचारायला सांगितलं आहे.

निशिगंधा


महाड
१९ मार्च २०२५

सौ. निशिगंधा यांस,
सप्रेम जयभीम.

सदूभाऊंना जाऊ देऊ नका. का ते लिहितो. हे पत्र वाड्यात मोठ्याने वाचा.

ही लस बर्फात ठेवावी लागते. ऊन लागलं, पेटी कोमट झाली, की ती मरते. मग ती टोचली काय आणि पाणी टोचलं काय, सारखंच. आमच्या दवाखान्यातल्या फ्रिजचा भरवसा नाही, म्हणून अकरा वर्षं आमच्या घरच्या फ्रिजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून पेटीत घालतो. ते काम माझी पत्नी आम्रपाली करायची. ती शाळेत क्लार्क होती. संध्याकाळी शाळेतून आली की आधी बाटल्या ठेवायची, मग चहा. मला ते काम आहे हेसुद्धा कधी लक्षात ठेवावं लागलं नाही.

जानेवारीत ती महाडच्या दवाखान्यात होती. मूत्रपिंडं निकामी झाली होती. १८ तारखेला सकाळी मी घरी आलो, फ्रिजर उघडला, तेव्हा बाटल्या ओट्यावर रिकाम्या उभ्या होत्या. मी त्या भरून दोन तास आत ठेवल्या. वरवर पापुद्रा धरला, तेवढ्यावर निघालो. वाटेत तिच्या दवाखान्यातून फोन आला म्हणून तिकडे वळलो. पेटी उन्हात नको म्हणून वर घेऊन गेलो. तिथे दोन वाजेपर्यंत होतो. निघताना पेटी उघडली. बाटल्यांतलं पाणी कोमट होतं.

तेव्हाच लस टाकून द्यायला हवी होती. मग तिच्याजवळ बसून राहता आलं असतं. किंवा तुमच्याकडे येऊन सांगायला हवं होतं की आज होत नाही. तुम्ही सकाळपासून मेंढरं कोंडून बसला होतात. तुम्ही किती भांडून हा दिवस ठरवला होता ते मला माहीत होतं. इतकी माणसं तोंडाकडे बघत असताना मला "नाही" म्हणता आलं नाही. थोडी तरी लागेल, असं मनाला सांगितलं आणि टोचत गेलो. पहिल्या मेंढरापासून शेवटच्यापर्यंत मला माहीत होतं. साडेपाचला फोन वाजला तो मी ऐकला होता. उचलला नाही, कारण हातातलं काम खोटं आहे हे माहीत असताना ते अर्धं टाकायची हिंमत नव्हती. हे कसं लिहावं ते मला नीट कळत नाही.

नंतर वहीत मी "लसीकरण पूर्ण" असं लिहिलं.

तुमचं ३ तारखेचं पत्र आलं तेव्हा लगेच हे लिहायला हवं होतं. मी महाडचा माणूस आहे. आमच्या तळ्याचं पाणी 'विटाळ' या ज्या शब्दाने अडवलं होतं तोच शब्द तुमच्या पत्रात होता. आमच्या घरात तो शब्द लहानपणापासून ज्या तऱ्हेने ऐकला, त्या तऱ्हेने तुम्ही ऐकला नसेल. तो शब्द तुमच्यावर पडताना मी पाहिला आणि "कधी कधी लस लागत नाही" असं लिहून बाजूला झालो.

वरिष्ठांना मी आज लेखी कळवलं आहे. सदूभाऊंच्या मेंढरांना नवीन लस मिळेल. तोवर त्यांनी हलू नये.

सुहास


गोमाजींचं शेत, पोलादपूर
२१ मार्च २०२५

डॉक्टर साहेबांस,

तुमचं पत्र मी वाचून दाखवलेलं नाही. तीन वेळा वाचलं आणि पोलक्यात ठेवलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वहिनींसाठी रडू आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग आला. मी दहा दिवस घोड्यांजवळ बसले आहे. तुम्हाला माझ्या तीन तारखेच्या पत्रापासून ठाऊक होतं. मी अंगावरून पाणी घेताना स्वतःलाच विचारत होते, माझ्यात खरंच काही आहे का? बारावी झालेली मी.

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की तुम्ही लिहून मोकळे झालात आणि वाचायचं काम माझ्यावर टाकलंत. हे पत्र मी वाचलं तर मामंजी म्हणतील, पोरीने स्वतःला वाचवायला डॉक्टरच्या नावाने लिहून घेतलं. वाचणारी मीच, लिहिणारीही मीच. आमच्यात दुसऱ्या कोणाला अक्षर येत नाही. आणि मामंजींनी मानलंच, तर पुन्हा कुठल्याच वाड्यात लसीची पेटी येऊ देणार नाहीत. मग वर भोरकडच्या मेंढरांचं काय?

सदूभाऊंना मी एवढंच सांगितलं की डॉक्टर साहेब स्वतः येऊन सांगणार आहेत, तोवर थांबा. ते रविवारपर्यंत थांबतील. सोमवारी हलणार.

यायचं असेल तर या. पत्र पाठवू नका.

निशिगंधा


गोमाजींचं शेत, पोलादपूर
२ एप्रिल २०२५

डॉक्टर सुहास यांस हैबतीचा राम राम.

हे मी सांगतोय आणि सून लिहिते. जसं बोलतो तसंच लिही म्हणून तिला सांगितलंय. ती माझी भाषा सुधरवते, तिला किती सांगितलं तरी.

तुम्ही त्या रविवारी येऊन दोन्ही वाड्यांपुढं उभं राहिलात. बसा म्हणलं तर बसला न्हाई. समदं सांगून झाल्यावर सदू उठून म्हणाला, "म्हंजी दोन म्हैनं आमी छाती काढून हिंडतोय ती पाण्याच्या जोरावर व्हय?" त्याला तुम्ही "होय" म्हणालात. मग मी बोललो. मी म्हणालो, "बायकूला सोडून आलास ते पाणी टोचाया?" ते तुम्ही ऐकून घेतलं. ते मी बोलायला नको होतं. बाकीचं जे बोललो ते बोललो. त्यातलं एक अक्षर माघारी घेत न्हाई. माझी चौतीस मेंढरं गेली. नुसतं पाणी टोचलंय म्हणून कळलं असतं तर मी फेब्रुवारीतच दुसरी लस मागितली असती. तुमचा मला राग आहे. तो लवकर जायचा न्हाई. दोन म्हैनं मी गावोगाव तुमचं नाव घेतलं. आता त्या लोकांना काय सांगू ते मलाच कळत न्हाई.

पण तुम्ही आलात. ते पत्रात लिहून भागवलं असतं तर मी पोरीलाच खोटं ठरवलं असतं. हे मी माझ्या तोंडानं कबूल करतो.

गुरुवारी साहेब लोकांबरोबर तुम्ही पेटी घेऊन सदूच्या वाड्यात आलात, तेव्हा मी मुद्दाम नदी ओलांडली. आधी हातपाय धुतले, कपडे बदलले, तुमच्या पत्रात होतं तसं. पेटी माझ्यासमोर उघडा म्हणालो. बाटली हातात घेतली. हात बधीर झाला तेव्हा टोचा म्हणालो. आता यापुढं आमच्या कुठल्याबी वाड्यात असंच होणार. डाक्टर कोण बी असूद्या. बाटली आधी आमच्या हातात. मग सुई.

सदू अजून वीस दिवस हलत न्हाई. लस अंगात मुरू दे म्हणाला. पाडवा गोमाजीच्या अंगणात केला. गोमाजी म्हणतो, "आवंदा भाताच्या शेताला खत जास्तच झाला, आता नाय बसवत मेंढरं." पण जा म्हणत न्हाई.

एवढंच. राम राम.
हैबती

ता. क. इथून पुढे माझं आहे. मामंजींनी मला उठून आत ये असं काही म्हटलं नाही. माफीही मागितली नाही. ते तसं करत नाहीत. काल सकाळी आजारातून उठलेल्या एका मेंढीला औषध पाजायचं होतं. चंदू लांब होते. मामंजींनी हाक मारली. मी जागची हलले नाही आणि म्हणाले, "मामंजी, आज माझा दुसरा दिवस आहे." ते मेंढीचं तोंड उघडून बसले होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाय धर नीट, लाथ मारती."

मी वाघरीत गेले.

निशिगंधा


महाड
९ एप्रिल २०२५

निशिगंधाताई,
सप्रेम जयभीम.

माझी चौकशी चालू आहे. काय व्हायचं ते होईल. रजा संपल्यावर एक तारखेपासून कामावर हजर झालो आहे. सध्या पेटी माझ्याकडे देत नाहीत, ते बरोबर आहे. तरी संध्याकाळी घरी आलो की बाटल्या भरून फ्रिजरमध्ये ठेवतो. जे डॉक्टर पेटी नेतात ते सकाळी येऊन घेऊन जातात.

एक गोष्ट मी वाड्यात सांगितली नाही. पत्रातही लिहिली नाही. ती तुमच्या मामंजींच्या उपयोगाची नव्हती. पण त्यांनी बाटली हातात घेतली तेव्हापासून ती मनातून जात नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. वाचून दाखवायची गरज नाही.

आम्रपाली पेटी भरताना प्रत्येक बाटली दाबून बघायची. मधे पाणी हललं तर ती बाटली परत आत. मला उशीर झाला तरी ऐकायची नाही. "थांबा, अजून दगड झाली नाही," म्हणायची.

१८ तारखेला दोन वाजता मी निघायला उठलो, तेव्हा ती जागी होती. आवाज फार बारीक झाला होता. तिने विचारलं, "बाटल्या कालच ठेवल्या होत्या ना?"

मी म्हणालो, "हो."

ती म्हणाली, "मग जा. लोक वाट बघत असतील."

ते तिचं शेवटचं बोलणं. लोक मला सांगतात, "तिने स्वतः तुम्हाला कामावर पाठवलं, केवढं मोठं मन." मी मान हलवतो. पण तिने मला बर्फ घेऊन पाठवलं होतं.

पेटी तिच्या खाटेखालीच होती. हात खाली सोडला असता तर बाटलीला लागला असता. तिने सोडला नाही. अकरा वर्षांत त्या एकाच दिवशी तिने माझ्या शब्दावर भागवलं.

सुहास